कागद खरे, माणूस खोटा : कोथरूडच्या एका फ्लॅटचं प्रकरण

मी पुण्यात भाडेकराराची कामं करते. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम पिशवीत टाकायचा, लोकांच्या घरी जायचं, लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा भरायचा, दोन्ही बाजूंचे अंगठे आणि फोटो घ्यायचे आणि दस्त ऑनलाइन नोंदणीला पाठवायचा. अकरा वर्षं हेच चाललंय. तरी माझ्या सख्ख्या भाचीनं मला फोन केला तो टोकन देऊन झाल्यावर. घरचा वैद्य कुणी विचारत नाही, तसंच.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटना २०२५ची आहे.

भाची आणि जावई सांगलीहून पुण्यात येत होते. जावयाला हिंजवडीत नोकरी लागली होती, पण भाचीला शाळा, बाजार, दवाखाना सगळं पायाखाली हवं होतं, म्हणून कोथरूड. शनिवारी फ्लॅट पाहिला, रविवारी २५ हजारांचं टोकन यूपीआयनं दिलं, आणि सोमवारी रात्री मला फोन. ‘मावशी, बुधवारी नोटरी आहे. तू फक्त कागद एकदा बघ ना.’

व्यवहार असा होता : दोन बेडरूमचा फ्लॅट, दोन वर्षं, भाडं शून्य, डिपॉझिट ९ लाख. दोन वर्षांनी ९ लाख परत. मुंबईकडे याला सरळ ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात, आता पुण्यातही तोच शब्द रुळलाय. भाची खूश होती. महिन्याचे २८ हजार वाचणार, शिवाय पैसे बुडत नाहीत, नुसते ठेवलेले असतात. पैसे जावयाच्या वडिलांच्या निवृत्तीचे होते.

कागद बघायच्या आधी मी तिला एक हिशेब करायला लावला. ९ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६३ हजार, म्हणजे महिन्याला सव्वापाच हजार. २८ हजार भाडं येणारा फ्लॅट हा मालक सव्वापाच हजारात का देतोय? ‘त्यांना मुलीच्या ॲडमिशनला एकरकमी पैसे हवेत,’ भाची म्हणाली. कारण अगदीच अशक्य नाही. गळ्याशी आलेलं देणं भागवायला असे व्यवहार करणारे खरे मालकही मी पाहिलेत. पण अशा खऱ्या मालकाबाबतीतही एक प्रश्न राहतोच : आज ज्याच्याकडे ९ लाख नाहीत, त्याच्याकडे दोन वर्षांनी ते कुठून येणार? बहुतेक वेळा पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून.

या रचनेत आणखी एक मेख आहे, ती पटकन लक्षात येत नाही. दरमहा भाडं असलं की नोकरदार माणूस घरभाडे भत्त्याची वजावट मागतो, आणि वर्षाचं भाडं १ लाखावर गेलं की कंपनी घरमालकाचा पॅन मागते. भाडंच नसेल तर पॅन कुणी विचारत नाही. समोरचा कोण आहे हे आपोआप उघडं पाडणारी एक पायरी तिथंच गळून जाते.

आता कागद. त्या गृहस्थांनी व्हॉट्सॲपवर चार गोष्टी पाठवल्या होत्या : महावितरणचं बिल, महापालिकेच्या मिळकतकराचं बिल, खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा त्या दस्ताचा गोषवारा, आणि आधार कार्ड. चारही कागदांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अक्षरन् अक्षर तेच. वर प्रत्यक्ष पाहणीची साक्षही होती. किल्ली त्यांच्याकडे, घरात त्यांचं सामान, आणि गेटवरचा वॉचमन म्हणाला होता, ‘हो, साहेब इथंच राहतात की. दीड वर्ष झालं.’

मी एकेक कागद पडताळला. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक पैसे भरायच्या ॲपमध्ये टाकला, बिल सापडलं. मिळकतकराचं बिल महापालिकेच्या साइटवर उघडलं, तेच नाव. मग नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च, म्हणजे नोंदवलेले दस्त शोधायची साइट. जिल्हा पुणे, तालुका हवेली, गाव कोथरूड, मिळकत क्रमांक. ही साइट रात्री दहानंतर जरा माणसात असते, दिवसा तिच्या नादी लागू नये. दस्त सापडला. २००९चं खरेदीखत. भाचीला पाठवलेली प्रत हुबेहूब खरी.

खरं सांगायचं तर इथं मी ‘ठीक आहे’ म्हणून मोकळी होणार होते. घराचे तिन्ही कागद अस्सल. सरकारी संकेतस्थळावर जाऊन स्वतः तपासलेले. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद भाडेकरूंनी यातला एकही कागद पाहिलेला नसतो.

नजर अडकली ती इंडेक्स टूच्या खालच्या भागात. दस्त करून देणारा आणि घेणारा यांची नावं तिथं येतात, आणि नावापुढे वय असतं. खरेदी घेणाऱ्याचं वय, ५१. साल २००९. म्हणजे हे गृहस्थ आज ६७चे असायला हवेत. आधारवर जन्मसाल होतं १९८४. त्या हिशेबानं २००९ मध्ये हा माणूस २५ वर्षांचा होता.

‘भाची, तुझे घरमालक दिसायला कसे आहेत गं?’

‘चाळिशीचे असतील. जिममध्ये जातात बहुतेक.’

आकडा चुकू शकतो. नोंदणी कार्यालयात टाइप करणाऱ्यानं वाट्टेल ते टाइप केलेलं मी पाहिलंय. एका दस्तात नवऱ्यापुढे ‘व्यवसाय : गृहिणी’ असंही. म्हणून मी लगेच बोंब ठोकली नाही. मंगळवारी सकाळी त्या गृहस्थांनाच फोन केला. मी मुलीची मावशी, करार नोंदवायचंच काम करते, घरी येऊन रजिस्टर करून देते, माझी फी नको.

माणूस फार गोड बोलत होता. ‘मॅडम, रजिस्टर कशाला? नोटरी करू. सोसायटीला कळलं की नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावतात.’

हे कारण लबाडाचंच असतं असं नाही, म्हणूनच ते खपतं. घर भाड्यानं दिलं की सोसायटी हे शुल्क लावते, पण शासनाच्या २००१च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. सेवाशुल्क २ हजार असेल तर महिन्याला २०० रुपये. शिवाय पुणे महापालिका स्वतःच्या राहत्या घराला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देते. भाडेकरू ठेवला हे कागदावर आलं की ती जायची भीती. त्यामुळे अनेक खरेखुरे मालकसुद्धा ‘कागदोपत्री काही नको’ म्हणतात. नोंदणी टाळणारा प्रत्येक जण ठक नसतो. पण ठकाला नोंदणी टाळावीच लागते.

‘खर्च वाचतो’ या सबबीत मात्र काही दम नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या मुद्रांकाचा दर ०.२५ टक्के. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि ते भाड्याच्या रकमेत मिळवतात. इथं भाडं शून्य. ९ लाखांवर दोन वर्षांचं धरलेलं व्याज १ लाख ८० हजार, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ४५० रुपये. शहरी भागात नोंदणी शुल्क १ हजार. ९ लाखांच्या व्यवहारात दीड हजाराची काटकसर. आणि नोटरी करून हाती काय लागतं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी त्यांना फोनवर ऐकवलं. गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, माझा अंगठाच उठत नाही. केमिकल कंपनीत होतो ना.’

‘उरलेली नऊ बोटं आहेत,’ मी म्हटलं. त्यांना मीटिंग लागली.

संध्याकाळी जावई पडद्यांची मापं घ्यायच्या निमित्तानं फ्लॅटवर गेले. व्हॉट्सॲपवर आलेल्या आधारच्या फोटोतला क्यूआर कोड इतका दबला होता की वाचता येत नव्हता, म्हणून मी त्यांना सांगून ठेवलं होतं की कार्ड हातात घ्या आणि आधारच्याच अधिकृत स्कॅनरनं वाचा. ऑफिसात पत्त्याचा पुरावा द्यायचाय म्हणा. आधारच्या क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख, फोटो अशी माहिती डिजिटल सहीसकट बसवलेली असते. कार्डावरची छापील अक्षरं कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बदलून मिळतात, क्यूआरमधलं काही बदललं की सही जुळत नाही. इथं बनवणाऱ्यानं आळस केला होता. छापील नाव बदललं, कोड जुनाच ठेवला. स्कॅनरवर फोटो त्याच माणसाचा आला, नाव भलतंच. जावयांनी चेहरा सरळ ठेवून स्क्रीनशॉट घेतला आणि पडद्यांची मापंही घेतली. हे मला फार आवडलं.

त्याच सुमारास मी सोसायटीच्या ऑफिसात होते. सचिव निवृत्त बँकवाले, टेबलावर पट्टी आणि तांबडी शाई. मालकाचा नंबर मागितला तर स्वच्छ नाही म्हणाले. ‘सभासदाचा नंबर मी तिऱ्हाइताला देणार नाही.’ बरोबरच होतं त्यांचं. मग मी म्हटलं, ‘मला नका देऊ. तुम्हीच लावा आणि एवढंच विचारा की तुम्ही फ्लॅट हेवी डिपॉझिटवर देताय का.’ त्यांनी सभासद नोंदवही काढली, म्हणजे ज्याला सोसायटीत ‘आय नमुना’ म्हणतात ती, चष्मा पुसला, आणि फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडे साताऱ्यातले काका होते. वय ६७. मुलाकडे राहायला गेलेले. ‘देतोय कसला? दिलाय की. अकरा महिन्यांच्या करारावर दिला होता. तो संपला, रिन्यू करायचा राहिलाय. भाडं मात्र एक तारखेला येतं हो, एकदाही चुकलं नाही माणूस.’

सगळा उलगडा या दोन वाक्यांत झाला. हा गृहस्थ काकांचा भाडेकरू. गॅसच्या जोडणीला पत्त्याचा पुरावा हवा म्हणून काकांनीच त्याला वीजबिल, करबिल आणि इंडेक्स टूच्या झेरॉक्स दिल्या होत्या. स्वतःच्या आधारवर त्यानं काकांचं नाव चढवलं, आणि चार कागद तयार झाले. काकांना दरमहा २८ हजार वेळेवर मिळत होते, त्यामुळे त्यांना शंका येण्याचं कारणच नव्हतं. ते २८ हजार कुठून येत होते ते नंतर पोलीस ठाण्यात कळलं : त्याच फ्लॅटवर आणखी एका कुटुंबानं ६ लाख दिले होते आणि ते पुढच्या एक तारखेला राहायला येणार होते.

कुठल्या कागदानं काय सिद्ध झालं होतं?

मी हे प्रकरण पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, ‘कागद तपासायला हवे होते.’ कागद तपासले होते हो. घराचे सगळे खरे निघाले. वीजबिल, करबिल, इंडेक्स टू या तिन्ही गोष्टी घरबसल्या कुणालाही मिळतात. मला मिळाल्याच की, आणि माझा त्या फ्लॅटशी काडीचा संबंध नाही. त्यांवरून फ्लॅट कुणाचा आहे एवढंच कळतं. समोर बसलेला माणूस तोच आहे का, हे त्यांवर लिहिलेलं नसतं. किल्ली आणि वॉचमन यांनी ताबा सिद्ध होतो, आणि ताबा तर भाडेकरूकडेही असतो. वॉचमन खोटं बोललाच नाही. तो ‘राहतात’ म्हणाला, यांनी ‘मालक आहेत’ असं ऐकलं. दीड वर्ष म्हणाला, ते कुणी ऐकलंच नाही. घर २००९ला घेतलेलं आणि मुक्काम दीड वर्षाचा.

म्हणजे तपासायचा असतो तो माणूस आणि कागद यांच्यामधला सांधा. तो जोडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. आधारचा क्यूआर. मशीनवरचा अंगठा. सोसायटीच्या वहीतल्या नंबरवर सोसायटीनंच लावलेला फोन. आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्या खात्याचं नाव. शेवटची गोष्ट तर भाचीच्या डोळ्यांसमोर होती : टोकन देताना यूपीआयवर एका बाईंचं नाव आलं होतं. ‘मिसेसचं खातं आहे,’ असं उत्तर मिळालं आणि बटण दाबलं गेलं. इंडेक्स टूवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात पैसे. दुसऱ्या कुणाच्याही नाही, बायकोच्याही नाही, एजंटच्या तर नाहीच. एवढा एक हट्ट रविवारीच धरला असता तर सोमवारी मला फोन करायची वेळ आली नसती.

माझ्या धंद्याबद्दलही एक गोष्ट कबूल करते, कारण लोक नोंदणीला नको इतकं मानतात. नोंदणीत अंगठ्यामुळे माणसाची ओळख पटते, पण तो त्या घराचा मालक आहे का हे दुय्यम निबंधक तपासत नाहीत. या ठकानं उद्या खऱ्या नावानं अंगठा दिला आणि मालकाच्या रकान्यात स्वतःला बसवलं, तर करार नोंदला जाऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं : दस्त करून देणाऱ्याची मालकी पाहणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. म्हणून करारावरचं नाव आणि इंडेक्स टूवरचं नाव शेजारी ठेवून भाडेकरूनंच बघायचं असतं. सातबारा मागणारेही भेटतात. फ्लॅटसाठी त्याचा उपयोग नाही. त्यावर जमिनीच्या मालकाचं नाव असतं, कित्येकदा अजून जुन्या जागामालकाचंच.

ई-सर्चचा एक जादा फायदा : घरावर बँकेचं कर्ज असेल तर त्याची नोंदवलेली सूचनाही तिथं सापडू शकते. कर्ज असणं वाईट नाही. पण हप्ते थकून सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याची, नोटीस मालकाला लागली असेल, तर त्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय त्याला घर भाड्यानं देता येत नाही, आणि दिलं तर बाहेर पडायची पाळी भाडेकरूवर येते. मालक परदेशात असून भाऊ किंवा मुलगा करार करत असेल तर मुखत्यारपत्र बघावं, आणि मालकाशी व्हिडिओवर बोलावंच, कारण मालक वारला की मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर संपतं.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला आपल्याकडे मालक बांधील असतो. मालकाची माहिती भाडेकरूला कुणी द्यायची, यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

पुढं काय झालं

बुधवारच्या नोटरीला कुणी गेलं नाही. टोकन यूपीआयनं गेलं होतं म्हणून जावयांनी मंगळवारी रात्रीच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ठाण्यात पहिल्यांदा ऐकावं लागलं की हा पैशांच्या देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा. तेव्हा क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि आधारची प्रत शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्याचं नाव घेऊन फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खालचा गुन्हा आहे, बनावट कागदाची कलमं वेगळी. साताऱ्याचे काका दुसऱ्या दिवशी एसटीनं आले आणि त्यांनीही जबाब दिला. ६ लाखवालं कुटुंब त्याच दुपारी तिथं भेटलं. त्यातली बाई एकच वाक्य परत परत म्हणत होती, ‘पण वॉचमन ओळखत होता त्यांना.’

माणूस तोवर निघून गेला होता. सामान तसंच. पत्नीचं म्हणून सांगितलेलं खातं तिसऱ्याच कुणाचं निघालं. भाचीचे २५ हजार आजपर्यंत आलेले नाहीत. काकांनी फ्लॅट परत मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली अर्ज केला. करार संपूनही न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं हे त्यांना मीच सांगितलं. ते म्हणाले, ‘दुप्पट राहू दे, कुलूप उघडून मिळालं तरी पुष्कळ.’

महिनाभरानं भाचीला कर्वेनगरात जागा मिळाली. मालकीण ७८ वर्षांच्या आजी. इंडेक्स टू मागितला तर आधी भडकल्या. ‘चाळीस वर्षं या घरात राहतेय, मला कागद मागतेस?’ मग आत जाऊन ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन आल्या, सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रासकट (शेअर सर्टिफिकेट). आणि बसल्याबसल्या जावयाला म्हणाल्या, ‘आता तुझं आधार दे बघू. माझ्या नातवानं ते स्कॅन करायचं शिकवलंय मला.’

अंगठे घ्यायला मीच गेले. आजींचा अंगठा काही केल्या उठेना. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. मशीन लाल ते लालच. भाची माझ्याकडे बघायला लागली. मी आजींना कोमट पाण्यात हात बुडवून कोरडे करायला सांगितले. भाकऱ्या थापून थापून बोटांच्या रेषा गेल्यात, असं त्या म्हणाल्या. डाव्या हाताच्या अनामिकेला हिरवा दिवा लागला, आणि स्क्रीनवर इंडेक्स टूवर होतं तेच नाव उमटलं.